परवाना अडतो कुठे, ठेक्यातला पैसा मुरतो कुठे? कोकण किनाऱ्यावरच्या अनुभवांसाठी धागा

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

सरकारी कामातल्या भ्रष्टाचाराचा विषय निघाला की आपल्याकडे तो दोन वाक्यांत संपतो. 'वरपासून खालपर्यंत सगळे तसलेच' आणि 'आपण काय करणार'. या दोन वाक्यांनी आपलं फार नुकसान केलंय असं मला मनापासून वाटतं. पैसा नेमका कोणत्या पायरीवर हात बदलतो हे पाहिलं तर ती पायरी अडवता येते. 'सगळे'ला कोण अडवणार?

माझं निरीक्षण आधी मांडतो, मग तुम्ही भर घाला.

परवान्याच्या बाबतीत सहसा कोणी स्पष्ट नकार देत नाही. नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर अपील होतं. म्हणून अर्ज नुसता ठेवून देतात. आपल्या किनाऱ्यावर तर कामं हंगामाला बांधलेली. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे होडीचे कागद १ ऑगस्टच्या आत हातात हवेत. घरगुती निवास-न्याहारी चालवणाऱ्याला दिवाळी आणि नाताळच्या आत नोंदणी हवी. चिरेखाण पावसात बंद, त्यामुळे पाऊस उघडला की परवाना लागलीच पाहिजे. टेबलापलीकडच्या माणसाला आपला हंगाम आपल्याइतकाच पाठ असतो. तो पैसे मागतो ते परवान्याचे नसतात, वाया जाणाऱ्या दिवसांचे असतात.

ठेक्याची गोष्ट वेगळी. तिथे रांगेत कोणी अडकलेलं नसतं, त्यामुळे ओरडणाराही कोणी नसतो. निविदा आता ऑनलाइन निघतात, महाटेंडर्स या सरकारी संकेतस्थळावर कोणीही पाहू शकतो, आणि त्यामुळे पुष्कळांना वाटतं की प्रश्न बराचसा सुटला. माझ्या मते खरी गळती निविदेच्या आधी आणि नंतर होते. आधी म्हणजे अंदाजपत्रकात, अटींत आणि कामाचे तुकडे पाडण्यात. एकच रस्ता तीन 'वाड्यां'च्या नावाने तीन कामांत दाखवला की प्रत्येक कामाची रक्कम ई-निविदा सक्तीच्या मर्यादेखाली राहते. नंतर म्हणजे मोजमापात. काम किती झालं हे ज्या वहीत लिहिलं जातं तिच्याकडे गावातलं कोणी बघत नाही.

परवान्याला अर्जाची लेखी पोच आणि ठेक्याला मोजमाप, या दोन जागा नीट धरल्या तर पुष्कळ आळा बसेल असं मला वाटतं. आपापले अनुभव लिहा. कार्यालयांची आणि माणसांची नावं इथे नकोत. तक्रार करायची तर ती जिथे करायची तिथे करू, इथे पद्धत समजून घेऊ.

रापणकर

खाडीकाठ, हंगामाचा बरोब्बर लिवलास. आमच्या होडयेच्या कागदांचा दरवर्षी तसाच. जून-जुलैत होडी वर ओढून ठेवलेली, तेव्हा कागद घेवन गेलंय तर 'साहेब मिटिंगेत आसत, नंतर येवा'. एक ऑगस्ट जवळ इलो काय मगे धावपळ. खलाशी आणलेले असतत, तेंचो पगार सुरू जाता, बर्फाची ऑर्डर दिलेली असता. मगे माणूस काय करतलो? चार पैशे देता नि मोकळो जाता. कायदो म्हाईत नाय असा नाय. थांबाक परवडणा नाय.

आता अर्ज ऑनलाइन झालो, पण तपासणी करूक माणूसच येता. तो कधी येतलो ह्या खयच लिवलेला नाय.

अस्मिता गुहागर

आमच्याकडे दोन खोल्या पाहुण्यांना देतो आणि घरगुती जेवण. सुरुवातीला एका एजंटने सांगितलं, शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स लागेल, साहेबांचं धरून तीन हजार. आम्ही देणारच होतो. माझ्या भाचीने कायदा शोधून काढला. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागतच नव्हती, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची होती. आमच्याकडे कामाला मी, सासूबाई आणि एक बाई. घरी बसून ते काम झालं.

म्हणजे यातला निम्मा पैसा लाच म्हणूनही जात नाही. नियम माहीत नसण्याचा तो दर आहे. एजंट साहेबांचं नाव घेतो, साहेबांपर्यंत काही पोचतं की नाही देव जाणे.

मला एक विचारायचंय. तक्रार केली आणि काम झालंही, तर पुढच्या वर्षी त्याच टेबलासमोर मलाच उभं राहायचं आहे. त्याचं काय?

चिंच आवळा

अस्मिताताई, तुमच्या प्रश्नाकडे येते. मी वकिली करते, बहुतेक कामं महसुलाची.

आधी लोकसेवा हक्क कायद्याबद्दल. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. अधिसूचित सेवांसाठी मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. अर्ज दिल्यावर क्रमांक असलेली पोच मिळायला हवी. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान वाटेल, पण तिची नोंद राहते आणि नोकरीतल्या माणसाला नोंदीची भीती असते.

हा कायदा वापरताना लोक हमखास एका ठिकाणी अडकतात. अर्ज 'त्रुटी' म्हणून परत येतो. आज म्हणतात घरपट्टीची पावती जोडा, पुढच्या आठवड्यात नकाशावर सही नाही, त्यानंतर संमतीपत्र जुनं झालं. प्रत्येक वेळी मुदत नव्याने सुरू झाल्यासारखं वागवतात. म्हणून पहिली त्रुटी निघाली की साध्या कागदावर लिहून द्या: 'माझ्या अर्जातील सर्व त्रुटी एकाच वेळी लेखी कळवाव्यात'. त्या कागदावर आवक क्रमांक घ्या. पुढे अपिलात हाच कागद उपयोगी पडतो.

रापणकरांसाठी: तपासणीला कोणी येत नसेल तर तपासणीची विनंतीही लेखी द्या, तीही बंदीच्या पहिल्या आठवड्यात. हंगाम सुरू व्हायच्या आत मुदत संपली पाहिजे असा हिशेब करून अर्ज टाकला की दिवस आपल्या बाजूने येतात.

आता लाच मागितली तर काय. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा, त्यात २०१८ ला दुरुस्ती झाली. त्यानंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ही दुरुस्ती ऐकून पुष्कळ लोक गप्प बसले, पण पुढचा भाग त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तर देणाऱ्याला संरक्षण आहे. आधी कळवून सापळ्यासाठी पैसे दिले तर तो गुन्हा नाहीच. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४. ते आधी मागणीची पडताळणी करतात, पंचांसमोर, आणि मगच सापळा लावतात. 'लाच मागतात' एवढं सांगून कोणाला पकडत नाहीत. पैसे किती, कशासाठी आणि कोणत्या कामाच्या बदल्यात, हे त्या पडताळणीत यावं लागतं.

पुढच्या वर्षीची भीती खरी आहे, ती मी नाकारणार नाही. खटले रेंगाळतात, साक्षीदार फिरतात. म्हणून ज्यांना सापळ्यापर्यंत जायचं नाही त्यांना मी निदान पोच आणि अपील या वाटेने जायला सांगते. त्यात कोणावर आरोप करावा लागत नाही. आपण फक्त मुदत विचारतो.

ठाणेकर चाकरमानी

सगळंच्या सगळं ऑनलाइन करा आणि माणूस मधून काढून टाका, हाच उपाय आहे. आणि ठेक्यांचं म्हणाल तर आपल्या डोळ्यांसमोर काय काय झालं! तिवरे धरण २ जुलै २०१९ ला फुटलं. १६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळूणला चालू असलेल्या उड्डाणपुलाचं काम कोसळलं. मालवणच्या राजकोटवर ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ ला सुरू झालं आणि आम्ही अजून गणपतीला खड्ड्यांतून येतो. अजून काय पुरावा हवा?

मोजपट्टी

मी बांधकाम खात्यात शाखा अभियंता होतो, निवृत्त झालो. ठेकेदारांची, साहेबांची आणि गावपुढाऱ्यांची बाजू जवळून पाहिली आहे. थोडं सविस्तर लिहितो.

चाकरमानी, तुमचा संताप रास्त आहे, पण पडलेल्या प्रत्येक कामाला भ्रष्टाचार हे एकच कारण लावू नका. संकल्पचित्र चुकतं, देखभाल होत नाही, घाई होते. सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ ला वाहून गेला तो ब्रिटिशकालीन होता, तिथला प्रश्न तपासणीचा होता. आणि तिथेच नवा पूल जून २०१७ ला वाहतुकीला खुला झाला. म्हणजे वेळेत काम करण्याची ताकद यंत्रणेत आहे. पडलेल्या कामाची चौकशी तरी होते. मला काळजी वाटते ती न पडलेल्या कामांची. वीस वर्षं टिकायला हवी ती पाखाडी, म्हणजे वाडीतली पायऱ्यांची वाट, चार पावसांत उखडते आणि त्यावर पुन्हा नवं अंदाजपत्रक निघतं. पैसा सर्वांत जास्त तिथे जातो.

आता खाडीकाठ यांचा मोजमापाचा मुद्दा. तो शंभर टक्के बरोबर आहे, धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या उदाहरणाने सांगतो. बंधाऱ्याच्या पोटात लहान दगड आणि समुद्राच्या बाजूला मोठ्या वजनाचे दगड असतात. मोठ्या दगडाचं किमान वजन अंदाजपत्रकात लिहिलेलं असतं, कारण लाट त्याला हलवू नये. दर अर्थातच मोठ्या दगडाचा जास्त. आता साइटवर येतो तो दगड निम्म्या वजनाचा, आणि वहीत लागतो तो मोठ्याचा दर. पहिल्याच पावसात लहान दगड किनाऱ्यावर पसरतात आणि अहवालात लिहिलं जातं, 'समुद्राच्या उधाणाने नुकसान'. त्यात खोटं काही नाही, उधाण आलेलंच असतं.

दुसरी जागा याहून सूक्ष्म. काम सुरू करण्याआधी जमिनीची मूळ पातळी घ्यायची असते. पावसाळ्यात समुद्र वाळू ओढून नेतो आणि उन्हाळ्यापर्यंत ती पुन्हा भरते. एकाच जागेची सप्टेंबरची पातळी आणि मेची पातळी यांत चांगला फरक असतो. पातळी खोल दाखवली की तेवढी जास्त भर आणि तेवढा जास्त दगड कागदावर भरता येतो, प्रत्यक्षात ती जागा वाळूनेच भरलेली असते. काम झाल्यावर हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. म्हणून मूळ पातळी कोणत्या तारखेला घेतली आणि त्या वेळी गावातलं कोण हजर होतं, एवढे दोनच प्रश्न विचारा. समोरच्याला लगेच कळतं की विचारणाऱ्याला काम कळतं.

साकवाचंही, म्हणजे ओढ्यावरच्या लहान पुलाचंही, तेच. पायाची खोदाई कातळ लागेपर्यंत करायची. आपल्याकडे कातळ पुष्कळदा लवकर लागतो. तिथे काँक्रीट कमी लागतं, वहीत मात्र अंदाजपत्रकातली पूर्ण खोली लागते. काँक्रीट पडलं की पाया झाकला, विषय संपला. त्या एका दिवशी खड्ड्यात मोजपट्टी धरून, तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवला तर पुढे वही आणि फोटो समोरासमोर ठेवता येतात.

झाकलं जाणारं काम झाकण्याआधी बघा. चाळीस पानी निविदा वाचण्यापेक्षा गावाला हे जास्त जमण्यासारखं आहे.

वाडीतला

मोजपट्टीकाका, सगळं पटलं, पण फोटो काढणारा माणूस गावात राहतो ना. आमच्याकडे ठेका ज्याच्या नावावर आहे तो तालुक्याचा, पण काम करतो तो आमच्याच वाडीतला, नात्यातला. फोटो काढायला गेलं की 'वाडीचं काम आहे, तोंड उघडाल तर पुढच्या वर्षी निधी येणार नाही' असं गावकीत ऐकवतात. वडीलधारी माणसंच गप्प बसायला सांगतात. देवळाच्या कामाला त्याच माणसाने मोठी देणगी दिलेली असते. या गप्प बसण्यावर काय उपाय?

जांभा

मी लहान ठेकेदार आहे. संरक्षक भिंती, पाखाड्या, शाळेच्या दुरुस्त्या अशी कामं घेतो. आमची बाजूही ऐका.

काम मिळवायला अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के खाली दर भरावा लागतो, नाहीतर काम दुसऱ्याला जातं. त्यात बिलं वेळेवर निघत नाहीत. वर्ष-वर्ष थकलेल्या बिलांसाठी राज्यभरच्या ठेकेदारांनी आंदोलनं केली, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. निधी थोडा आला की कोणाचं बिल आधी काढायचं हे कोणीतरी ठरवतं. टक्केवारीचा जन्म तिथे होतो. बँकेचा हप्ता, मजुरांची मजुरी, खडीवाल्याची उधारी डोक्यावर असताना मी तत्त्व सांगत बसलो तर माझं बिल तळाला जातं. ते पैसे मी कुठून काढणार? कामातूनच. याचं समर्थन करत नाही, कसं होतं ते सांगतो आहे.

एकच मागणी मान्य झाली तर निम्मी टक्केवारी थांबेल: ज्याचं बिल आधी दाखल, त्याला पैसे आधी, आणि त्या क्रमवारीची यादी दर महिन्याला उघड लावायची. यादीत माझ्या पुढे कोण गेला हे दिसलं की वरच्यालाही कारण द्यावं लागेल.

आणखी एक. काही निविदांत 'जागा पाहणीचा दाखला' मागतात, तो त्याच कार्यालयातून घ्यायचा. म्हणजे निविदा भरण्याआधीच कोण कोण भरणार ते कळतं आणि मग फोन सुरू होतात. ऑनलाइनचा गुप्तपणा तिथेच संपतो. अशी अट दिसली की निविदापूर्व हरकतीतच ती काढायला सांगितली पाहिजे. पण एकट्या ठेकेदाराने हरकत घेतली तर तो डोळ्यावर येतो. ग्रामपंचायतीने किंवा चारपाच नागरिकांनी घेतली तर तसं होत नाही.

खाडीकाठ

जांभा, इतकं स्पष्ट लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. बिलांच्या क्रमवारीचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. परवान्यातही मूळ तेच दिसतं: कोणाचा अर्ज आधी उचलायचा हे कोणीतरी खासगीत ठरवतं.

चाकरमानी, ऑनलाइनबद्दल. दक्षिण कोरियातल्या सोल शहरात १९९९ साली महापौर गो कुन यांच्या काळात नागरी अर्जांसाठी एक व्यवस्था सुरू झाली. बांधकाम परवान्यांसारखे जे अर्ज लाचेसाठी बदनाम होते ते निवडून इंटरनेटवर टाकले. आपला अर्ज आज कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे आणि तो कधी निकाली निघणार, हे अर्जदाराला घरून दिसत असे. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की अर्ज भरण्याची सोय त्यांनी दुय्यम मानली आणि अर्जाचा प्रवास उघडा केला. आपल्याकडे अर्ज ऑनलाइन भरतो, नंतर 'प्रलंबित' एवढा एकच शब्द दिसत राहतो. कोणाकडे प्रलंबित, कधीपासून, याचं उत्तर पडद्यावर आलं पाहिजे. रापणकरांची तपासणी कधी होणार हेही त्यातच दिसलं पाहिजे.

वाडीतला, तुमच्या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. एकट्याने फोटो काढला तर ते भांडण होतं. ग्रामसभेत ठराव करून 'प्रत्येक कामाच्या पायाच्या दिवशी दोन ग्रामस्थ हजर राहतील' असं आधीच ठरलं तर तो गावाचा नियम होतो, मग कोणत्याही ठेकेदाराच्या विरोधात गेल्यासारखं होत नाही. नात्यातल्या ठेकेदारालाही ते आधीपासून माहीत असतं. निधी बंद होण्याच्या धमकीचं म्हणाल, तर ज्या निधीचं काम दोन पावसांत जातं तो येऊन वाडीला मिळालं काय, हे वडीलधाऱ्यांना शांतपणे विचारायला हवं. राजस्थानात १९९४ ला मजदूर किसान शक्ती संघटनेने गावात जनसुनवाई घेऊन मजुरीची हजेरीपत्रकं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. त्या यादीत असलेली माणसं समोर बसलेली होती. पुढे माहिती अधिकाराची चळवळ त्यातून वाढली. तीही गावंच होती, तिथेही नाती होती.

अस्मिता गुहागर

हे बरं सुचवलंत. आमच्या बचत गटात चौदा जणी आहेत. दोघी-दोघी आळीपाळीने जाऊ शकतो. बायका पायाजवळ उभ्या राहिल्या तर कोणी अंगावर येत नाही असा आमचा अनुभव आहे. पण आम्हाला अंदाजपत्रक वाचता येत नाही. मागायचं कुठे आणि बघायचं काय?

मोजपट्टी

ताई, अंदाजपत्रकातल्या तीन ओळी पुरेत. खोदाईची खोली, काँक्रीटचं प्रमाण आणि लोखंडाचा व्यास. तेवढ्या मी तुम्हाला व्यक्तिगत निरोपात समजावून सांगेन, तुमच्या गावचं अंदाजपत्रक पाठवा.

काम ग्रामपंचायतीच्या पैशातलं असेल तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आराखडा आणि खर्च दिसतो, आधी ते पाहा. पंतप्रधान ग्रामसडकचा रस्ता असेल तर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी त्याच ठेकेदाराची असते आणि फलकावर तारखा लिहिलेल्या असतात. 'मेरी सडक' अ‍ॅपवर फोटोसह तक्रार टाकता येते. मुदत संपायच्या आत टाका, नंतर दुरुस्तीसाठी नवा निधी लागतो.

चिंच आवळा

कागद मागण्याबद्दल मी सांगते. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, म्हणून लांबलचक कैफियत लिहू नका, ती याच कारणाने परत येते. कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो फार कमी लोक वापरतात.

अर्ज करण्याआधी एक सोपी वाट आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. जाताना निर्णयाची प्रत बरोबर न्या. पुष्कळ ठिकाणी 'असं काही नाही' असं पहिलं उत्तर मिळतं.

रापणकर

सोमवारी दुपारी आमची होडी बाहेर असता. पण बंदीत जाऊक गावतला. जेटयेच्या कामाची वही बघूक होयी, ता काम माका लय दिवस खटकता.

खाडीकाठ

रापणकर, बंदीपर्यंत थांबू नका, मी येतो तुमच्याऐवजी. कामाचं नाव आणि वर्ष निरोपात कळवा.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आमच्याकडे ठराव मांडतो आहोत. मसुदा असा: 'ग्रामपंचायत हद्दीतील प्रत्येक सार्वजनिक कामाच्या अंदाजपत्रकाची व कार्यारंभ आदेशाची प्रत काम सुरू होण्यापूर्वी ग्रामपंचायत कार्यालयात ठेवावी. मूळ पातळी, पायाची खोदाई व लोखंडाची बांधणी या टप्प्यांवर ग्रामसभेने नेमलेले दोन ग्रामस्थ हजर राहतील व छायाचित्रे ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवतील.' काही चुकत असेल तर सांगा, अजून छापलेला नाही.

मोजपट्टी

'हजर राहतील' याच्याआधी 'संबंधित अभियंत्याने दोन दिवस आधी ग्रामपंचायतीस लेखी कळवावे' असं घाला. नाहीतर पायाची खोदाई सकाळी सात वाजता सुरू होईल, दुपारपर्यंत काँक्रीट पडलेलं असेल आणि तुमचे दोन ग्रामस्थ संध्याकाळी पोचतील. 'छायाचित्रे'च्या पुढे 'मोजपट्टीसह' हा शब्दही टाका. आणि ठरावाची एक प्रत उपविभागीय कार्यालयात देऊन तिच्यावर आवक शिक्का घ्या.